जांगड आणलेली यंत्रं

इस्लामपूर,
२८ नोव्हेंबर १९९६

प्रिय कपिल,

जय भीम आणि सलाम. इकडे सगळे बरे आहेत, एक मनगट सोडून. त्याविषयी पुढे येईलच. तुझ्या आण्णांचा खोकला थांबला का? थांबला असेल तर त्यांनी बिडी पुन्हा सुरू केली असेल, आणि बिडी सुरू केली असेल तर खोकलाही परत आला असेल. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. त्यांना माझा सलाम सांग. तुझी लग्नपत्रिका मिळाली. कागद चांगला आहे. दीक्षाचं नाव तुझ्या नावापेक्षा ठळक छापलंय. ही छापखान्याची चूक असेल तर राहू दे. पाच जानेवारीला रविवार आहे हे मी कॅलेंडरात पाहून घेतलं. पत्रिकेबरोबरच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस की चाचीचा हात अजून बरा नसेल, त्यांना त्रास नको, दीक्षाच्या बांगड्या साताऱ्यातच कुणाकडून तरी भरून घेऊ. ही चिठ्ठी मी अम्माला, म्हणजे तुझ्या चाचीला, मोठ्याने वाचून दाखवली. (ती आधी मनात वाचायला हवी होती, हे नूरीनने नंतर सांगितलं. लग्नाला चार वर्षं झाली, पण तिचे सल्ले अजून नंतरच येतात.) अम्मा उठली आणि दुकानाच्या कपाटाच्या काचा पुसू लागली. डाव्या हाताने.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण एसटीडीच्या बूथमध्ये मागे माणसं उभी असतात, आणि मला मुद्द्यावर यायला दीड पान लागतं, हे तू जाणतोस. मराठीत एम.ए. केलेला माणूस बांगड्यांच्या दुकानात बसला की त्याचं हेच होतं. गिऱ्हाईक सव्वादोनचं माप मागतं आणि मी प्रस्तावना करतो.

तर मनगट. नागपंचमीला अम्मा शिराळ्याला बांगड्या घेऊन गेली होती. परत येताना इथल्या स्टँडवर एसटीच्या शेवटच्या पायरीवरून तिचा पाय सुटला. काखेत बांगड्यांचं गाठोडं. अशा वेळी माणूस दोन्ही हात टेकतो. अम्माने उजवा टेकला आणि डाव्याने गाठोडं छातीशी धरलं. एकही बांगडी फुटली नाही. फुटलं ते मनगट. जमलेल्या लोकांना तिने आधी गाठोडं सोडून बांगड्या पाहायला लावल्या आणि मग दवाखान्यात गेली. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा आत हात होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. मूठ अर्धी मिटायची. मनगट फिरत नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळलंय, आता हात चालवायचा. कुलपात किल्ली फिरवतो तसं मनगट फिरवायचं, दिवसातून शंभर वेळा, आणि बाहेरच्या अंगाला जास्त. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडूही दिला. अम्माने तो दोन दिवस नुसता पाहिला. “ह्यो काय लिंबू हाय व्हय, पिळत बसायला?” म्हणाली आणि गल्लीतल्या कुत्र्याला देऊन टाकला. कुत्र्याचा जबडा आता उत्तम आहे. (घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. तुझ्यासाठी मी अम्माची बाजारातली भाषा लिहितो. तीच तुझ्या कानात असेल.)

बांगडी भरणं म्हणजे काय हे तू आमच्या दुकानात बसून पाहिलं आहेस, तरी लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाईची बोटं डाव्या हातात जुळवून धरायची, अंगठ्याखालचं हाड दाबून आत घ्यायचं, आणि उजव्या मनगटाला हलकं वळण देत बांगडी वर सरकवायची. जोर लावला की काच गेली. बाईने हात ताठ धरला तरी गेली. म्हणून अम्मा आधी म्हणते, “हात सैल सोड, बाई,” आणि बाई कितीही घाबरलेली असो, सोडते. प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी अम्माने नूरीनला समोर बसवलं. डझनातल्या पाच गेल्या. नूरीनच्या हातातून रक्त आलं. नूरीन हूं की चूं बोलली नाही, आणि तेच अम्माला जास्त लागलं. उरलेल्या सात तिने कागदात गुंडाळल्या. बायकांच्या हातातली बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. शब्दच असा जपून वापरायचा तर बांगडी किती जपायची. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला अम्मा एकतीस वर्षं बांगड्या घेऊन बसते, एकाच लिंबाखाली. रथावर उधळलेल्या गुलालाने बायका नखशिखांत लाल होऊन येतात. अम्मा त्यांना चेहऱ्यावरून ओळखत नाही, हातावरून ओळखते. यंदा रथ अकरा डिसेंबरला आहे. “माझ्या हातनं कुणाची वाढवायची असंल तर मी न्हाई बसत,” ती म्हणाली आणि तिच्या पेट्या मला माळ्यावर ठेवायला लावल्या.

पेट्या ठेवायला माळ्यावर चढलो, तिथे तुझं यंत्र होतं.

निळा पत्र्याचा डबा, मूळचा बिस्किटांचा. पुढे रेडिओचे दोन गोल नॉब. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी तू ते बनवलंस आणि आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडलंस. अंधाऱ्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि मधे एक चौकोनी ठिपका, ज्याला आपण चेंडू म्हणायचो. नॉब फिरवला की रेघ वर-खाली. रेघेला चेंडू लागला की टुक. ज्याचे पंधरा आधी, तो जिंकला. परदेशात लोकांनी खेळून खेळून टाकून दिलेला खेळ तू अकरा वर्षांपूर्वी इस्लामपुरात पुन्हा बनवलास आणि आम्हाला तो जगात नवा वाटला. तू डावा नॉब घ्यायचास, अम्मा उजवा. तू हरायचास. मला वाटायचं, तू मुद्दाम हरतोस. अम्माला असं कधी वाटलं नाही.

धूळ पुसून यंत्र लावलं. चालू झालं. अम्मा जवळ येऊन बसली आणि न सांगता उजवा हात नॉबवर ठेवला. पहिल्या दिवशी नूरीनने तिला पंधरा-शून्यने हरवलं. (इथे सून म्हणून तिने थोडं सावकाश घ्यायला हरकत नव्हती.) पाचव्या दिवशी पंधरा-नऊ. अम्मा चिडलेली होती आणि मनगट फिरत होतं. डॉक्टरांनी शंभर वेळा सांगितलं होतं. मी मोजायला बसलो, तीनशेच्या पुढे माझंच लक्ष चेंडूत गेलं. सहाव्या दिवशी यंत्र बंद पडलं. का पडलं हे निश्चित सांगता येत नाही. आमच्याकडच्या व्होल्टेजचा भरवसा नाही. धूर फार नव्हता, उदबत्तीएवढा. व्होल्टेजच असणार. व्होल्टेजविषयी एवढं पुरे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तात्याबांकडे डबा नेला. त्यांनी झाकण उघडलं, आत नाक घालून वास घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली. चिप गेली होती आणि तसली आता येत नाही. नॉब तेवढे शाबूत. “पर जीव कशाला लहान करता? आसल्या खेळांच्या नवीन मशिनी लय निघाल्यात,” ते म्हणाले. “सांगलीला जावा. जुनं समदं परत आलंय, नव्या डब्यात.” ऑक्टोबर संपत आला होता. मी आणि अम्मा सांगलीला गेलो. एसटीतून उतरताना ती शेवटच्या पायरीवर थांबली, पायरीकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उतरली. माझा खांदा दोन दिवस दुखत होता. त्याला डॉक्टर नाही.

हंबीररावांचं टीव्हीचं दुकान तुझ्या पाहण्यात नसेल. दुकानात त्यांनी आमच्यापुढे तीन यंत्रं मांडली. तिन्ही परदेशी यंत्रांच्या नकला, आणि हे ते अभिमानाने सांगत होते. नक्कल म्हणजे काय अस्सल, असा त्यांचा सूर. पहिल्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, एकात नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. दुसऱ्यात एक बंदूक होती, पडद्यावरच्या बदकांवर झाडायची. तिसऱ्याला टाइपरायटरसारखा सगळा कीबोर्ड होता आणि त्याला ते कॉम्प्युटर म्हणत होते. मी तिसऱ्याकडे पाहिलं आणि मग अम्माचं मनगट थोडा वेळ विसरलो, हे कबूल करतो. अम्माने मात्र एकही लावून पाहिलं नाही. पहिलं हातात घेतलं, वजन पाहिलं, उजेडाकडे धरलं. मग खेळाच्या दोन कॅसेट घेतल्या आणि बांगडीत चीर आहे का पाहतात तशा एकमेकींवर वाजवून कान लावला. हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. मग ती म्हणाली, “तिन्ही बांधा. जांगड नेते.”

हंबीरराव म्हणाले, “मावशी, आवं ही काय बांगडी हाय? जांगड कसं देऊ?”

आमच्या धंद्यात जांगड हा रोजचा व्यवहार. माल घरी न्यायचा, बायकांनी पाहायचा, हाताला बसेल तो ठेवायचा, न बसेल तो जसाच्या तसा परत. विजेच्या वस्तूंचा धंदा अजून या पायरीला पोचलेला नाही. हंबीररावांनी खोक्यावरचं सील दाखवलं, कागद दाखवला, भिंतीवरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. अम्मा म्हणाली, “आवं, इकलाय कुठं अजून?” हंबीररावांनी पाटी पुन्हा वाचली. तरी ते हलले नाहीत. तेव्हा अम्माने विचारलं, “तुमच्या मंडळींचा लग्नातला चुडा कुणी भरला हुता?” अम्माने भरला होता, कवठ्याला, भर उन्हात, मांडवाबाहेर बसून. “त्यातली एक तरी वाढवली हुती का माज्या हातनं?” पाच मिनिटांनी तिन्ही यंत्रं बांगड्यांच्या टोपलीत, गवताच्या पेंढीवर ठेवून आम्ही स्टँडकडे निघालो.

नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळांचं यंत्र आधी लावलं. नूरीन आणि मी खुश होतो. अम्मा यादीसमोर बसली आणि एकेक खेळ उघडायला लावला. तेराव्या खेळाला ती म्हणाली, “थांब. ह्यो चौथाच हाय.” मी म्हटलं, नाही, चौथ्यात आकाश निळं होतं. “रंग बदललाय. बांगडी तीच हाय.” आम्ही पाहिलं. तीच होती. संध्याकाळपर्यंत तिने नऊ हजार नऊशे नव्याण्णवांचे अकरा करून ठेवले. हे काम आयुष्यभर बांगड्यांचे डझन मोजणाऱ्या बाईखेरीज कुणाला जमलं नसतं. आपण आयुष्यभर खेळत राहिलो असतो. त्या अकरांत एक चेंडू-फळीचा होता. अम्मा तो खेळली. पण या यंत्रांना नॉब नसतो. एक चपटा तुकडा असतो, त्यावर अधिकच्या चिन्हासारखं बटण. अंगठ्याने दाबायचं. चेंडू उडत होता, अंगठा दाबत होता, मनगट गादीवर झोपलेलं. बंदुकीचं यंत्र नूरीनने लावलं. अम्माने डाव्या हाताने पहिलं बदक पाडलं, बंदूक खाली ठेवली आणि म्हणाली, “ह्यानं माझं काय बिघडवलं हुतं?” पुन्हा उचलली नाही.

तिसऱ्याविषयी थोडक्यात लिहितो. ते मी लावलं. पडद्यावर निळा रंग आणि एक लुकलुकणारी चौकट आली. मी माझं नाव लिहिलं, इंग्रजीत, कारण त्याला तेवढंच येत होतं. मग घराचा पत्ता. मग रोमन अक्षरांत मराठी लिहायला घेतलं आणि एका कथेचा पहिला परिच्छेद लिहिला. तुला सांगतो, बरा झाला होता. नूरीनने चहा आणला आणि प्लगवर पाय दिला. पुन्हा चालू केलं तर निळा रंग आणि लुकलुकणारी चौकट. माझं नावसुद्धा नाही. अम्मा लांबून पाहत होती. म्हणाली, “लिवून घेतं आणि इसरतं. आसल्याला काय करायचं? त्यापरीस मी बरी.” (परिच्छेद मला आता आठवत नाही. यात यंत्राचा आणि माझा, दोघांचाही स्वभाव दिसतो.)

चौथ्या दिवशी तिन्ही परत. हंबीररावांनी खोकी उघडून आतली एकेक वायर पाहिली आणि गवताची एक काडी काढून काउंटरवर ठेवली. “काय झालं, मावशी? बसलं न्हाई?” अम्मा म्हणाली, “चेंडू हाय. हात न्हाई.” हे वाक्य मी लिहिलं असतं तर मला अभिमान वाटला असता. दुकानात हंबीररावांची पुतणी पायल बसली होती. सांगलीतच, विश्रामबागेत राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने विचारलं, म्हणजे काय, चाची? अम्माने हवेत नॉब फिरवून दाखवला. अर्धाच फिरला. पायलने तो अर्धा नीट पाहिला. आम्ही सगळे डब्याकडे पाहत होतो, ती हाताकडे पाहत होती.

तिच्या घरी कॉम्प्युटर आहे, खरा, विसरणारा नव्हे. ती म्हणाली, कुठलंही जुनं यंत्र याच्यात उभं करता येतं. याला फक्त सोंग घ्यायला शिकवायचं. आम्हाला घरी नेऊन तासाभरात तिने शिकवलं. काळा पडदा, दोन रेघा, चौकोनी ठिपका. टुक. कपिल, मला क्षणभर तू शेजारी बसला आहेस असं वाटलं. पण त्या कॉम्प्युटरला हाताखाली धरून सरकवायचा एक उंदीर असतो. अम्माने तो सरकवून पाहिला. “पाटा पुसल्यागत हाय,” ती म्हणाली आणि हात काढून घेतला. मी उठायच्या तयारीला लागलो. पायल उठली नाही. कॉम्प्युटरच्या मागे जॉयस्टिकसाठी एक खाच होती, तिच्याकडे बोट करून तिने विचारलं, जुन्या डब्याचे नॉब शिल्लक आहेत का?

दुसऱ्या खेपेला मी तुझा डबा नेला. तिने नॉब काढले, नव्या वायरी जोडल्या, खाचेत बसवले. अम्माने उजवा नॉब धरला, फिरवला, रेघ हलली. मनगटही हललं. मी ‘वा’ म्हणालो. पण अम्मा हरत होती. पंधरा-एक. पंधरा-दोन. चेंडू वर आला की तिची रेघ खाली जायची. “उलटं हाय,” ती म्हणाली. पायलने तपासलं, सगळं सुलट होतं. मला वाटलं, अम्माचा सराव गेला. पायलला काय वाटलं कुणास ठाऊक. तिने तुझा रिकामा डबा उचलला, खिडकीशी नेला, आतल्या तुटक्या वायरी पाहिल्या आणि हसायला लागली. डाव्या नॉबच्या वायरी बरोबर होत्या. उजव्या नॉबच्या उलट. तुझी चूक, कपिल. अकरा वर्षं त्या यंत्रात अम्माची रेघ उलटी जात होती, आणि तू सरळ नॉबवर बसून हरत होतास. (हे लिहिताना मी मुद्दाम हळू लिहिलं.)

पायल म्हणाली, मग काय करू, सुलट ठेवू की उलट? शिकलेल्या माणसासारखं मी म्हणालो, बरोबर तेच ठेवावं. अम्मा म्हणाली, “हाताला ठावं हाय तसं ठेव.” पायलने वायरी उलट केल्या. हुबेहूब करायचं म्हणजे चूकही पुन्हा करायची, हे मी एम.ए.ला शिकलो नव्हतो. त्या दिवशी पंधरा-तेरा. हरली, पण तिला उठवेना. शेवटचे दोन-तीन चेंडू येताना अम्माची बोटं नॉबवर पांढरी पडली होती. पायल पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “हात सैल सोडा, चाची.” अम्माने वळून तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य तिने आजवर किती बायकांना म्हटलं असेल. तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिने सोडला.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा आम्ही विश्रामबागेला जातो. दिवाळीत चार दिवस खंड पडला, त्याचा राग अम्माने फराळावर काढला. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात मनगट फिरवून पाहिलं, बाहेरचं वळण जास्त सुधारलंय म्हणाले, आणि कोणता व्यायाम केला विचारलं. अम्मा म्हणाली, “टीव्ही बघते.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पायलच्या हातात घड्याळाखेरीज काही नसतं. बांगड्या कीबोर्डवर वाजतात म्हणते. परवा अम्माने तिला पैजेवर घेतलं, मी जिंकले तर डझनभर भरायच्या. पंधरा-बारा, अम्मा. पायल समोर बसली आणि अम्माने काही म्हणायच्या आत तिने हात सैल सोडला. अकरा सरळ चढल्या. बारावी गेली. पायलने काच उचलली, हात पाहिला, रक्त नव्हतं. म्हणाली, “एक वाढवली, चाची. अकरा हायत की.” येताना एसटीत अम्मा खिडकीबाहेर पाहत होती. स्टँड आल्यावर शेवटच्या पायरीवरून खांदा न धरता उतरली. दुसऱ्या दिवशी मला पेट्या माळ्यावरून काढायला सांगितल्या. पुसायला सांगितल्या नाहीत. अजून दाराशी ठेवल्या आहेत, आत नाहीत, बाहेर नाहीत.

इकडचं हे असं. आण्णांना सलाम, दीक्षाला आशीर्वाद (वयाने मी मोठा आहे, तेवढा अधिकार पोचतो), आणि तुला, डावा नॉब घेऊन हरणाऱ्याला, मनापासून प्रेम.

तुझा,
अश्फाक

ता.क. एक किरकोळ काम होतं, पत्राच्या ओघात राहून गेलं. तू अशी दोन यंत्रं बनवली होतीस. दुसरं आण्णांकडे साताऱ्याला असावं. पायलचा कॉम्प्युटर म्हसवडला नेता येत नाही. रथाच्या दिवशी अम्माला लिंबाखाली बसायच्या आधी अर्धा तास हात मोकळा करायला तुझा डबा मिळाला तर ती बसेल असं मला वाटतं. साताऱ्याहून म्हसवड तुला जवळ आहे. टीव्हीची सोय बिराप्पाच्या चहाच्या टपरीत केली आहे. तो म्हणाला, आणा, गिऱ्हाईक वाढंल. दहा तारखेला घेऊन ये. विकत नको, भेट नको. जांगड. हाताला बसलं तर ठेवू, नाही बसलं तर गवताच्या पेंढीसकट परत. उजव्या नॉबच्या वायरी उलट आहेत ना, एवढं पाहून आण. सुलट केल्या असशील तर पुन्हा बिघडव.

ता.क. २. कपिलभाऊजी, हे नूरीन लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. व्होल्टेजला काही झालेलं नव्हतं. तुमच्या डब्याच्या मागे तुमच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘नऊ व्होल्ट. जास्त नको.’ यांनी बॅटरीच्या जागी अठरा व्होल्टचा एलिमिनेटर लावला. मी तेव्हाच ती ओळ दाखवली होती, नंतर नव्हे. हे म्हणाले, ती सूचना नाही, ती त्याची शैली आहे. दुसरं यंत्र आणाल तेव्हा त्याच्याजवळ तुम्ही स्वतः बसा. आणि एक गोष्ट यांना माहीत नाही. काल हे वाचनालयात गेले होते तेव्हा अम्मींनी मला समोर बसवलं. दोन डझन भरल्या. मी हात पाहिला नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. चोवीसच्या चोवीस हातात आहेत. लिहिताना वाजतात. पेट्या मी पुसून ठेवल्या. खालचं अम्मींनी सांगितलं तसं लिहिते.

ता.क. ३. कपिल, तुजं यंत्र पयल्यापास्नं उलटं हुतं, ते मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. तू एवढ्या हौसेनं आणलंस, तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. हात वळवून घेतला. आता डाक्टर म्हणतो, भायेरचं वळण जास्त सुधारलंय, ते त्येच्यानंच. म्हसवडला डबा आण, न्हाईतर नको आणू, मी बसनार हाय. साताऱ्यात बांगड्यांचं कुणाला सांगितलं असशील तर त्याला न्हाई म्हणून सांग. मी लग्नाच्या आदल्या दिवशी, चार तारखेला येते. मापबिप कळवू नको, हात बघून कळतं मला. दीक्षाला एवढंच सांग, म्हातारीला भिऊ नको म्हणावं. हात सैल सोडून बस.